पॉट-लिमिट ओमाहात मोठा ड्रॉ कसा खेळावा

ओमाहा हा पोकरचा चार-चार पत्ते हातात घेऊन खेळण्याचा प्रकार. समजा फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर पहिल्यांदा उघडणाऱ्या तीन पत्त्यांत, नव्वी, अठ्ठी आणि दुर्री असे तीन वेगवेगळ्या रंगांचे पत्ते उघडले आहेत. एका खेळाडूच्या हातात दोन नव्व्या आहेत, म्हणजे त्याचा तीन नव्व्यांचा सेट तयार झाला असून या घडीला त्याच्याहून वरचढ हात कोणाचाच असू शकत नाही. दुसऱ्याच्या हातात गुलाम, दश्शी, सत्ती आणि छक्की आहेत. त्याच्याकडे साधी जोडीसुद्धा नाही. या क्षणी दोघांनी सगळ्या चिप्स पुढे सारल्या आणि पहिल्याचे बाकीचे दोन पत्ते एक्का व राजा यांसारखे येथे निरुपयोगी असले, तर जोडीही नसलेला तो दुसरा खेळाडू शंभरांतून साधारण ५४ वेळा जिंकतो. हातात दोनच पत्ते असणाऱ्या होल्डेम या पोकर प्रकाराची सवय असलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, मलाही लागला. ओमाहात मोठा ड्रॉ, म्हणजे अजून न जमलेला पण पुढच्या पत्त्यांवर जमू शकणारा हात, हा पुष्कळदा तयार हाताहून बलवान असतो आणि तो तसाच खेळावा लागतो. मात्र कोणता ड्रॉ खरोखर मोठा आणि कोणता नुसता मोठा दिसणारा, हे ओळखल्याशिवाय केलेली धडाडी महागात पडते, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या ओळखीवर खर्च केला आहे. हातांची क्रमवारी आणि बेट, कॉल, रेझ यांचा क्रम वाचकाला ठाऊक आहे, असे येथे धरले आहे.

आउट्स मोजण्याची पद्धत

ओमाहात हातातल्या चारपैकी नेमके दोन आणि टेबलावरच्या पाचपैकी नेमके तीन पत्ते वापरावे लागतात. चार पत्त्यांतून दोन-दोनच्या सहा जोड्या निघतात आणि ड्रॉचे सगळे बळ या सहा जोड्यांत असते. ज्या हातात टेबलावरच्या दोन पत्त्यांच्या आजूबाजूचे तीन किंवा चार पत्ते असतात, त्या हाताला खेळाडू रॅप म्हणतात.

वरच्याच उदाहरणात एकेक पत्ता घेऊन पाहा. राणी आली तर हातातल्या गुलाम-दश्शीने स्ट्रेट होतो. अशा राण्या चार. गुलाम आला तर दश्शी-सत्तीने, दश्शी आली तर गुलाम-सत्तीने, सत्ती आली तर गुलाम-दश्शीने आणि छक्की आली तर दश्शी-सत्तीने स्ट्रेट होतो. यांतला प्रत्येकी एक पत्ता आपल्याच हातात असल्याने ते तीन-तीन उरतात. पंजी आली तर सत्ती-छक्की कामाला येते आणि पंज्या चार असतात. आपला हात जमवणाऱ्या अशा पत्त्यांना आउट्स म्हणतात आणि येथे ते एकूण २० झाले. न पाहिलेल्या ४५ पत्त्यांपैकी इतके पत्ते उपयोगी असल्यावर टर्न आणि रिव्हर (टेबलावरचा चौथा आणि पाचवा पत्ता) मिळून त्यांतला एक तरी येण्याची शक्यता जवळजवळ ७० टक्के असते. १६ आउट्स असतील तर ती ५९ टक्के, १३ असतील तर ५० टक्के आणि फ्लशचे नेहमीचे ९ असतील तर ३६ टक्के होते. हे चार आकडे पाठ करून ठेवावेत.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. प्रत्येक आउट आल्यावर आपला हात नट्स होतो का, म्हणजे त्या टेबलावर शक्य असलेला सर्वांत मोठा हात आपलाच असतो का, हे तपासायला हवे. राणी, सत्ती, छक्की आणि पंजी या चौघींच्या बाबतीत उत्तर होकारार्थी आहे. गुलाम आला तर मात्र आपला स्ट्रेट गुलामापर्यंतचा राहतो आणि राणी-दश्शी बाळगणारा वरचढ ठरतो. दश्शी आली तर राणी-गुलामवाला वरचढ ठरतो. म्हणून २० पैकी १४ आउट्स नट्सचे आहेत आणि ६ दुय्यम आहेत.

आता त्याच फ्लॉपवर दुसरे दोन हात ठेवून पाहा. एकाकडे राणी, गुलाम, दश्शी आणि चौथा कोणताही भरतीचा पत्ता आहे. दुसऱ्याकडे सत्ती, छक्की, पंजी आणि तसाच एक भरतीचा पत्ता. आउट्स मोजले तर दोघांचेही १३ भरतात. पहिल्याचे तीन राण्या, तीन गुलाम, तीन दश्श्या आणि चार सत्त्या हे सगळेच्या सगळे नट्स देतात. दुसऱ्याच्या चार दश्श्या, तीन सत्त्या आणि तीन छक्क्या यांपैकी एकही नट्स देत नाही. फक्त तीन पंज्या तेवढ्या खऱ्या. कागदावर दोघांचा आकडा एकच असला, तरी पहिल्या हाताने पॉट वाढवावा आणि दुसऱ्याने मोठ्या बेटपुढे पत्ते टाकावेत, इतके या दोघांत अंतर आहे. पणजीत मांडवीवर उभ्या असणाऱ्या एका जहाजात मी असाच खालच्या टोकाचा रॅप धरून दोनदा कॉल केला, रिव्हरला दश्शी आली, माझा स्ट्रेट जमला आणि शेवटचे कॉल केल्यावर समोरच्याने राणी-गुलाम उलटे केले. ड्रॉ चुकला असता तर मी निम्म्याच चिप्स गमावल्या असत्या. रॅपचे पत्ते फ्लॉपच्या वरच्या बाजूला असावेत, हे मी त्या दिवसापासून कधी विसरलो नाही.

चौथा पत्ताही स्ट्रेटच्या कामाचा असेल तर गणित आणखी सुधारते. राणी, गुलाम, दश्शी यांच्या सोबत सत्ती असेल तर तीन राण्या, तीन गुलाम, तीन दश्श्या, तीन सत्त्या आणि चार छक्क्या असे १६ आउट्स होतात आणि सोळाही नट्सचे असतात. माझ्या मते हा १६ आउट्सचा रॅप दिमाखदार दिसणाऱ्या २० आउट्सच्या रॅपपेक्षा, विशेषतः तीन-चार खेळाडू पॉटमध्ये असताना आणि स्टॅक खोल असताना (म्हणजे खेळाडूंपुढे पॉटच्या मानाने पुष्कळ चिप्स शिल्लक असताना), अधिक भरवशाचा आहे.

टेबलावर एका रंगाचे दोन पत्ते असतील तर

समजा नव्वी आणि अठ्ठी दोन्ही इस्पिकच्या आहेत, दुर्री चौकटची आहे आणि आपल्या गुलाम-दश्शी-सत्ती-छक्कीत एकही इस्पिक नाही. आपल्या २० आउट्समध्ये राणीपासून पंजीपर्यंतचे सहा इस्पिक दडलेले आहेत आणि ते आले तर आपला स्ट्रेट जमतानाच कोणाचा तरी फ्लशही जमू शकतो. ते सहा वजा केले की १४ उरतात. त्यांतून दुय्यम आउट्स काढले की निर्धास्तपणे पैसे लावता येतील असे फक्त १० पत्ते राहतात. वीस, चौदा, दहा ही उतरंड मी मुद्दाम पूर्ण लिहिली आहे, कारण कोरड्या फ्लॉपवर ज्या हाताने सगळ्या चिप्स लावणे योग्य असते, तोच हात दोन इस्पिक दिसताच मधल्या दर्जाचा होतो.

उलट, आपल्या हातात इस्पिकचे गुलाम-दश्शी आणि बदामची सत्ती-छक्की असेल तर चित्र पालटते. न पाहिलेल्या नऊ इस्पिकांपैकी चार आधीच स्ट्रेटच्या आउट्समध्ये मोजलेले आहेत, म्हणून नवे पाच मिळतात आणि बेरीज २५ वर जाते. सेटवाल्याकडे इस्पिकचे दोन पत्ते नसतील तर आपण साधारण ५९ टक्के वेळा जिंकतो. आउट्स २० वरून २५ झाले तरी विजयाची टक्केवारी ५४ वरून फक्त ५९ वर गेली, हे अनेकांना खटकते. त्याचे कारण असे की फ्लॉपवरचा सेट पुढच्या दोन पत्त्यांत सुमारे ३५ टक्के वेळा फुल हाउस किंवा त्याहून मोठा होतो आणि तसे झाल्यावर आपला स्ट्रेट काय, फ्लश काय, काहीच चालत नाही. इस्पिकचा दुर्रीसारखा आउट तर टेबलावर जोडी लावून आपला फ्लश आणि त्याचे फुल हाउस एकाच वेळी पुरे करतो. शिवाय गुलामापर्यंतचा फ्लश हा नट फ्लश नव्हे. तिसरा खेळाडू इस्पिकचा एक्का आणि आणखी एक इस्पिक धरून बसला असेल तर ते पाच आउट्स मदतीचे न राहता सापळा होतात.

एका रंगाचे तीन पत्ते हातात येणे हे होल्डेमच्या सवयीने भाग्याचे वाटते, पण त्यातला तिसरा पत्ता आपल्याच फ्लशचा एक आउट खाऊन टाकतो: नऊचे आठ होतात आणि चारही पत्ते एकाच रंगाचे असतील तर सात.

पॉटचा आकार आणि स्टॅकची खोली

पॉट-लिमिटमध्ये सर्वांत मोठा रेझ किती, हे काढण्यासाठी आधी कॉल केला असे मानावे आणि नंतर जेवढा पॉट होईल तेवढी वाढ करावी. पॉट १,००० चा असून समोरच्याने १,००० लावले तर आपण कॉल केल्यावर पॉट ३,००० होतो, म्हणून वर ३,००० वाढवून एकूण ४,००० लावता येतात. त्यावर त्याने पुन्हा पूर्ण रेझ केला तर तो १३,००० पर्यंत जातो. यातून १, ४ आणि १३ असे तीन टप्पे निघतात. फ्लॉपच्या वेळी स्टॅक पॉटच्या चौपट असेल तर एक बेट आणि एक रेझ एवढ्यातच सगळ्या चिप्स आत जातात, तेरापट असेल तर तिसऱ्या वाढीची गरज पडते. फ्लॉप पाहण्याआधीच हे गुणोत्तर मनात काढून ठेवावे.

चौपट स्टॅकची परिस्थिती ड्रॉसाठी सर्वांत सुखाची असते. समोरच्याच्या १,००० च्या बेटवर आपण ४,००० लावून ऑल-इन झालो, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि त्याने कॉल केला तर पॉट ९,००० चा होतो. त्यात ४,००० आपले असल्याने ४४.४ टक्के वेळा जिंकलो तरी बरोबरी साधते. २० आउट्सचा कोरडा रॅप सेटसमोर ५४ टक्के जिंकतो, म्हणजे सरासरी ९०० च्या आसपास चिप्सचा नफा, तोही त्याने प्रत्येक वेळी कॉल केला असे धरून. राणी-गुलाम-दश्शीचा १३ आउट्सचा रॅप मात्र त्याच सेटसमोर ४१ टक्के जिंकतो आणि कॉल झाल्यास सरासरी ३१० चिप्स गमावतो. परंतु समोरचा पत्ते टाकतो तेव्हा आपल्याला २,००० चा पॉट विनाझगडा मिळतो, त्यामुळे त्याने सातांतून एकदा जरी फोल्ड केले तरी हा रेझ फायद्याचा ठरतो. समोर नेहमी वरचा सेटच असतो असेही नाही. दोन जोड्या, एक्क्यांची जोडी, लहान रॅप असे हातही बेट करतात आणि ते पूर्ण रेझपुढे टिकत नाहीत. म्हणून स्टॅक चौपटीच्या जवळपास असेल आणि आउट्स बहुतांशी नट्सचे असतील तर कॉल करण्यापेक्षा रेझ करावा, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. आपल्याला आधी बोलायचे असेल तर चेक करून मग रेझ करणे आणखी उपयोगी पडते, कारण टर्नवर आधी बोलण्याची अडचणच राहत नाही.

स्टॅक तेरापट किंवा त्याहून खोल असेल तर सबुरी लागते. तेथे फ्लॉपवरचा रेझ चिप्स संपवत नाही. तो फक्त पॉट फुगवतो आणि टर्नवर निरुपयोगी पत्ता आला की तोच फुगलेला पॉट आपल्याच अंगावर येतो. आपण बटनवर असू आणि शेवटी बोलणार असू तर अशा वेळी १३ आउट्सचा रॅप कॉल करून पुढे न्यावा. टर्नवर समोरच्याने चेक केले तर एक पत्ता फुकट पाहायला मिळतो आणि नट्स लागला तर खोल स्टॅकमधून वसुली करता येते. खोल स्टॅकवर रेझ करायचाच असेल तर तो नट रॅपसोबत नट फ्लशचा ड्रॉ किंवा सेट असलेल्या हातासाठी राखून ठेवावा.

टर्न

टर्नवर कोरा पत्ता आला की ड्रॉचे मोल जवळजवळ निम्म्यावर येते, कारण आता एकच पत्ता उरलेला असतो. पॉटएवढ्या बेटला कॉल करायला ३३.३ टक्के लागतात आणि न पाहिलेले पत्ते ४४ असतात, म्हणून निदान १५ आउट्स हवेत. अर्ध्या पॉटच्या बेटला ११ पुरतात. १३ नट आउट्स असताना पूर्ण बेट आली तर केवळ किमतीवर कॉल बसत नाही. पण पॉट १,००० आणि बेट १,००० असताना कॉल केल्यावर रिव्हरला ३,००० चा पॉट असेल, आणि नट्स लागल्यावर त्यात सरासरी ३८५ चिप्स आणखी मिळाल्या की तूट भरून निघते. समोरच्याकडे मागे चिप्स असतील तर एवढे सहसा मिळतेच. हे गणित दुय्यम आउट्सना लावू नये. तेथे रिव्हरला मिळणारी रक्कम नसून द्यावी लागणारी रक्कम मोजावी लागते.

फ्लॉपवर चौपट स्टॅक असताना फक्त एक बेट आणि एक कॉल झाला असेल, तर टर्नवर पॉट ३,००० आणि मागे ३,००० अशी स्थिती येते. येथे आपण कॉल करण्यासाठी थांबण्यापेक्षा स्वतः ऑल-इन व्हावे. १६ नट आउट्स असतील तर कॉल झाल्यावरही थोडा नफा राहतो. १३ असतील तर कॉल झाल्यास सरासरी ३४० चिप्सचा तोटा होतो, पण दहांतून एकदा समोरच्याने पत्ते टाकले तरी तो जवळजवळ भरून निघतो. चेक करून नंतर कॉल करणाऱ्याला ही सवलत मिळत नाही.

टर्नवर टेबलावर जोडी लागली तर वेग लगेच कमी करावा. सेट किंवा दोन जोड्या धरून बेट करणाऱ्याचे फुल हाउस आता जमलेले असू शकते आणि आपण मेलेल्या पत्त्यांचा पाठलाग करत असू शकतो. फ्लशचा तिसरा पत्ता पडला आणि आपल्याकडे फक्त रॅप असेल तरी तोच विचार करावा. याउलट नट्स लागला तर लपवाछपवी न करता पॉटएवढी बेट लावावी, कारण ओमाहात समोरच्याकडे कॉल करण्याजोगे काही ना काही असतेच आणि पुढचा पत्ता जोडी लावून ग्राहकच पळवून लावू शकतो.

गर्दीचा पॉट आणि बरोबरीचे हात

पॉटमध्ये खेळाडू वाढले की किंमत सुधारते: पॉटएवढ्या बेटवर एकाने कॉल केलेला असेल तर आपल्याला ३३ ऐवजी २५ टक्केच लागतात. पण आपले आउट्स इतरांच्या हातात अडकलेले असण्याची आणि दुय्यम हाताने हरण्याची शक्यताही वाढते, म्हणून गर्दीत फक्त नट आउट्स मोजावेत आणि समोरचे पत्ते टाकतील ही आशा हिशेबातून वगळावी.

नट स्ट्रेट लागल्यावरही त्यामागे दुसरा ड्रॉ आहे का ते पाहावे. नव्वी-अठ्ठी-सत्तीच्या फ्लॉपवर दोघांकडे गुलाम-दश्शी असेल आणि त्यांपैकी एकाकडेच फ्लशचा ड्रॉही असेल, तर दुसऱ्याला जास्तीत जास्त अर्धा पॉट मिळू शकतो आणि पहिल्याला सगळा. खोल स्टॅकवर असा उघडाबोडका स्ट्रेट घेऊन रेझवर रेझ करणे मला पटत नाही. ही काळजी खरे तर पत्ते वाटल्याबरोबर सुरू होते. चारही पत्ते एकमेकांना लागून असावेत, दोन-दोन एकाच रंगाचे असावेत आणि मध्ये एखादा पत्ता गळलेलाच असेल तर तो खालच्या टोकाला गळलेला असावा. गुलाम-दश्शी-नव्वी-सत्ती हा हात गुलाम-नव्वी-अठ्ठी-सत्तीहून म्हणूनच सरस आहे.

रिव्हरला ड्रॉ चुकला तर बहुधा चेक करून सोडून द्यावे. एक अपवाद म्हणजे तिसरा इस्पिक पडला असून आपल्याकडे इस्पिकचा एकटा एक्का असणे. नट फ्लश कोणाकडेच नाही हे तेव्हा फक्त आपल्याला ठाऊक असते आणि पॉटएवढी बेट लहान फ्लशला हलवू शकते. मात्र टेबलावर जोडी लागलेली असेल तर हा प्रयत्न करू नये.

ऑल-इन झाल्यावर उरलेले पत्ते दोनदा उघडण्याची सोय टेबलावर असेल तर ती घ्यावी. त्याने सरासरी नफा बदलत नाही, पण ५४ विरुद्ध ४६ अशा लढतींमधले चढउतार सौम्य होतात आणि पुढचा हात शांतपणे खेळता येतो.

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर भारतात बंदी आली आहे, पण या सरावाला ना पैसे लागतात ना समोर कोणी लागतो. पत्त्यांचा कॅट पिसून स्वतःला चार पत्ते वाटावेत, तीन उघडावेत आणि वहीत तीन रकाने आखून एकूण आउट्स, नट आउट्स आणि फ्लशचा धोका वगळून उरलेले नट आउट्स लिहावेत. मग टर्न उघडून तेच तीन रकाने पुन्हा भरावेत. पहिल्या आठवड्यात एका फ्लॉपला दोन-तीन मिनिटे लागतील. दहा सेकंदांत तिन्ही आकडे बरोबर येऊ लागले की टेबलावर बसावे.